डोक्यावरची भट्टी विझवा!

उन्हाळ्यात सगळ्यात वरच्या मजल्यावरचे घर मध्यरात्रीपर्यंत तापलेले का राहते? पंखा, कूलर आणि एसीवर पैसे ओतण्याआधी एकदा छताकडे पाहा. घराला गारवा द्यायचा, तर पहिला इलाज वरूनच सुरू व्हायला हवा.

मे महिन्यातली रात्र. साडेदहा वाजून गेले आहेत. खालच्या मजल्यांवरचे दिवे एकेक करून मालवले जात आहेत. सगळ्यात वरच्या मजल्यावर मात्र कुणाचाच डोळा लागलेला नाही.

"सूनबाई, पंखा पाचवर आहे ना गं?" आजी तिसऱ्यांदा विचारतात.

"पाचवरच आहे, आई. वाराच गरम येतोय."

आजी उशी उचलतात आणि गॅलरीच्या दाराशी सतरंजी टाकून आडव्या होतात. घामोळ्याने बेजार झालेले तान्हे बाळ किरकिरत असते. कूलरमध्ये पाणी घालून आलेले घरचे कर्ते पुरुष शेवटी म्हणतात, "या वर्षी दुसऱ्या खोलीतही एसी घेऊन टाकू या." त्यावर सूनबाईंचा प्रश्न ठरलेला, "अहो, आणि बिल कोण भरणार?"

हा संवाद नागपूर, अकोला, जळगाव किंवा सोलापूरच्या कुठल्याही घरात ऐकू येईल. नोकरीधंद्याच्या निमित्ताने इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा दिल्लीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही तो चालू असतो. गंमत अशी, की या संवादात पंख्याचे, कूलरचे, एसीचे नाव येते. ज्याच्यामुळे हे सगळे घडते, त्या छताचे नाव मात्र कुणीच घेत नाही.

उष्णता येते कुठून?

दिवसभर ऊन झेलते ती गच्ची. भिंतींवर ऊन काही तासच पडते आणि तेही तिरपे. गच्चीवर ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत पडते आणि दुपारी तर अगदी सरळ. उन्हाळ्यात भर दुपारी दर चौरस मीटरवर साधारण एक हजार वॅट इतकी उष्णता पडत असते. म्हणजे एक हजार वॅटची एक विजेची शेगडी! पाचशे चौरस फुटांच्या घराच्या डोक्यावर अशा पंचेचाळीस शेगड्या पेटलेल्या आहेत, असे समजा. त्यातली सगळी उष्णता घरात उतरत नाही. काही परावर्तित होते, काही वाऱ्याबरोबर जाते. तरीही काळवंडलेले काँक्रीट त्यातला निम्म्याहून अधिक भाग शोषून घेते. दीड टनाचा एसी घरातून बाहेर काढू शकतो जेमतेम पाच हजार वॅट. सामना किती विषम आहे, हे यावरून कळावे.

दुसरी गोष्ट म्हणजे काँक्रीटचा स्वभाव. पाच-सहा इंचांची स्लॅब ही पोळ्यांच्या जाड तव्यासारखी असते. ती हळूहळू तापते आणि गॅस बंद केला तरी लवकर निवत नाही. दुपारी दोनचे ऊन तिच्या खालच्या बाजूला पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. म्हणूनच बाहेर सूर्य मावळून वाऱ्याची झुळूक येऊ लागते, नेमके तेव्हा घरातले छत सर्वांत तापलेले असते. ते छत मग रात्रभर पलंगावर, पाळण्यावर आणि झोपलेल्या माणसांवर उष्णता फेकत राहते. पंखा हवा थंड करत नाही. तो छताजवळची गरम हवाच खाली ढकलतो.

खात्री करून घ्यायची असेल, तर एक साधी परीक्षा आहे. रात्री दहा वाजता भक्कम स्टुलावर उभे राहून, पंखा बंद करून, छताला तळहात लावा. मग घराच्या आतल्या भिंतीला लावा. छत भिंतीपेक्षा स्पष्टपणे गरम लागले, तर तुमच्या घराचा आजार वरचा आहे. मग औषधही वरच लावायला हवे.

ही केवळ सुखसोयीची गोष्ट नाही. दिवसभर उन्हाने शिणलेल्या शरीराला सावरायला रात्रीचा गारवा लागतो. म्हातारी माणसे, तान्ही मुले, हृदयविकाराचे आणि मधुमेहाचे रुग्ण यांना रात्रीही उसंत मिळाली नाही, तर त्रास जिवावर बेततो. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा सेहेचाळीस अंशांच्या पुढे गेला होता. त्या महिन्यात शहरात नेहमीपेक्षा सुमारे १,३४४ मृत्यू अधिक झाले, असा हिशेब पुढे संशोधकांनी मांडला. त्या धड्यानंतर २०१३ मध्ये अहमदाबाद महापालिकेने उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा आखला आणि २०१७ पासून त्यात गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याचा कार्यक्रमही आणला. तेलंगण सरकारने तर २०२३ मध्ये थंड छतांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. सरकार-दरबारी जे पटले आहे, ते आपल्या घरी पटायला हरकत नाही.

आजोबांना हे ठाऊक होते

खरे तर हे शहाणपण नवे नाही. मराठवाड्यातले माळवद आठवा. लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. विदर्भ-खानदेशात त्याला धाबे म्हणतात. बाहेर धग असली, तरी माळवदाखाली दुपारची झोप गाढ लागे.

कोकणात आणि गोव्यात पद्धत वेगळी. तिथे उतरते कौलारू छप्पर आणि त्याखाली लाकडी फळ्यांचा माळा. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून ही मंगळुरी कौले पश्चिम किनाऱ्यावर घरोघरी पोहोचली. कौले तापली, तरी त्यांच्या फटींतून माळ्यावरची गरम हवा निघून जाते. खालच्या फळ्या आणि माळ्यावरची हवा यांमुळे उन्हाची धग माजघरापर्यंत पोहोचत नाही. माळा ही नुसती अडगळीची जागा नव्हती. ती घराची छत्री होती.

उत्तर हिंदुस्थानात छतावर भुसा मिसळलेल्या मातीचा चारेक इंचांचा थर देऊन वर विटा बसवत. त्याला मड फुस्का म्हणतात. मद्रासकडे चुन्यात विटांचे तुकडे घालून थर देत आणि वर चपट्या विटा बसवत. मुंबई-पुण्याकडे आला तो ब्रिकबॅट कोबा, म्हणजे सिमेंटमध्ये बसवलेले विटांचे तुकडे. काही ठिकाणी गच्चीवर मातीची मडकी उलटी मांडून मधली जागा भरून घेत. प्रत्येक प्रांताने आपल्या उन्हाला आपले उत्तर शोधले होते.

पण या जुन्या उत्तरात एक धोका दडलेला होता, आणि तो महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन ओळखला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात धरणी हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, सरकारी आकड्यांनुसारच जवळजवळ आठ हजार माणसे दगावली. मातीत बांधलेल्या दगडी भिंती ढासळल्या आणि फूट-दोन फूट जाडीची माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. दोन फुटांचा मातीचा थर म्हणजे चौरस मीटरला सुमारे एक टन वजन. ज्या मातीने पिढ्यान्‌पिढ्या गारवा दिला, तीच काळ ठरली.

यातून घ्यायचा बोध मोलाचा आहे. छतावर उष्णतेला अडवायचे, पण वजन न वाढवता. हे आता शक्य आहे.

बर्फवाल्याची युक्ती

उन्हाळ्यात बर्फाची लादी नेणाऱ्या माणसाला पाहिले आहे? तो लादीवर लाकडाचा भुसा पसरतो आणि वर गोणपाट गुंडाळतो. भुसा काही थंड नसतो. पण त्याच्या कणाकणांत हवा अडकलेली असते. स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत वाईट वाहक. म्हणून बाहेरची धग बर्फापर्यंत पोहोचत नाही. थंडीत आपण गोधडी घेतो, ती याच कारणाने. गोधडी ऊब तयार करत नाही; अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही.

घराच्या छताला अशी गोधडी पांघरणे, यालाच इन्सुलेशन किंवा उष्णतारोधन म्हणतात. थर्माकोल, एक्सपीएस नावाचे घट्ट फोमचे रंगीत तक्ते, पीयू फोम, काचेचा लोकर म्हणजे ग्लासवूल, ही सगळी या गोधडीची रूपे. सगळ्यांत मुख्य माल एकच, तो म्हणजे अडकवून ठेवलेली हवा किंवा वायू. आणि हा माल किती गुणाचा आहे? एक इंच थर्माकोल जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला तीन फुटांहून जाड काँक्रीट लागेल!

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता विभागाने, म्हणजे बीईईने, २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी 'इको-निवास संहिता' काढली. छतातून दर चौरस मीटरला, आत-बाहेरच्या तापमानातल्या दर अंशाच्या फरकामागे, १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये, असे ती सांगते. आपली नेहमीची उघडी स्लॅब तीन वॅटहून अधिक उष्णता आत सोडते. तिच्यावर एक इंचाचा चांगला रोधक तक्ता नीट बसवला, की हा आकडा एकच्या आसपास येतो. दोन इंचांचा बसवला, तर जवळजवळ निम्म्यावर. नुसत्या कोब्याने मात्र तो दोनच्या खालीही सहसा जात नाही.

आधी पांढरे, मग पांघरूण

इलाजांचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे लावला, तर तो असा होतो.

पहिला इलाज चुन्याचा. गच्ची स्वच्छ झाडून-धुऊन घ्या. भिजवलेला चुना गाळून, त्यात थोडा डिंक किंवा फेव्हिकॉलसारखा चिकट पदार्थ मिसळून दोन-तीन हात द्या. काम सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर करा. चुना डोळ्यांत गेला तर इजा होते, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेतच. ताजा पांढरा चुना बहुतेक ऊन आल्या पावली परत पाठवतो. घरातले तापमान त्याने दोन ते चार-पाच अंशांनी उतरू शकते. फरक स्वतः पाहायचा असेल, तर आधी फक्त झोपायच्या खोलीवरची गच्ची पांढरी करा आणि दुपारी तीन वाजता पांढऱ्या आणि काळ्या भागाला क्षणभर हात लावून पाहा. वेगळे सांगावे लागणार नाही. मात्र पावसाळ्यात चुना धुऊन जातो, धुळीने मळतो. दर वर्षी मार्चमध्ये हा पाडव्याआधीचा कार्यक्रम ठरवून टाकावा. बाजारातले उष्णता परावर्तित करणारे पांढरे रंग अधिक टिकतात, पण महाग पडतात. त्यांनाही अधूनमधून धुवावे लागते.

दुसरा इलाज सावलीचा. गच्चीवर मांडव, हिरवी जाळी किंवा वेल. ऊन स्लॅबवर पडलेच नाही, तर ती तापणार कशी? सौर पॅनेल बसवायचा विचार असेल, तर ते हे काम आपसूक करतात, कारण पॅनेलखाली सावली असते आणि वारा खेळता राहतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरगुती पॅनेलसाठी अनुदान मिळते. वीजही आणि सावलीही, असा तो दुहेरी लाभ.

तिसरा आणि टिकाऊ इलाज पांघरुणाचा. तो गच्चीच्या वरून घालावा, आतून नव्हे. आतून छताला तक्ते लावले, तर खोलीला थोडा आराम मिळतो. पण स्लॅब बिचारी उन्हात तापतच राहते, दिवसा फुगते, रात्री आकसते आणि कालांतराने तडकते. वरून पांघरूण घातले, तर खोलीही वाचते आणि स्लॅबही.

वरच्या थरांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी जुन्या भेगा बुजवून पाणीरोधक लेप. मग गच्चीवर एक-दोन दिवस पाणी साठवून गळती नाही ना, याची परीक्षा. ती उत्तीर्ण झाल्यावर एक्सपीएसचे तक्ते, एकमेकांना घट्ट भिडवून. त्यावर जाड कापडासारखा पडदा, मग जाळी घालून सिमेंटचा पातळ थर आणि शेवटी पांढऱ्या फरशा किंवा चिनी मातीच्या तुकड्यांची नक्षी. उतार मात्र पावसाच्या पाइपाकडेच हवा. पॅकिंगमध्ये येतो तसा भुसभुशीत थर्माकोल गच्चीवर वापरू नये. तो पाणी पितो, आणि भिजलेल्या गोधडीत कुठली ऊब आणि कुठला गारवा!

'अजून एक थर मारून टाका'

इथे एका नेहमीच्या चुकीबद्दल सावध करायला हवे. गच्ची गळू लागली, की ठेकेदार म्हणतो, "जुना कोबा राहू द्या साहेब, वरून अजून एक थर मारून टाकू." तोडफोड नको, राडारोडा नको, म्हणून सोसायटीही माना डोलावते. पण कोब्याचा चार-साडेचार इंचांचा थर म्हणजे चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात वजन. लोक चालतात-फिरतात अशा गच्चीवर माणसे आणि सामान यांचे मिळून दीडशे किलो वजन धरून इंजिनीअर आराखडा करतात. म्हणजे तो एक जादा थर गच्चीवरच्या जत्रेपेक्षा जड! आणि जत्रा संध्याकाळी पांगते, कोबा मात्र तिथेच बसून राहतो.

याउलट दोन इंचांच्या एक्सपीएस तक्त्याचे वजन चौरस मीटरला दोन किलोंच्या आसपास. त्यावरचा सिमेंटचा थर वजन वाढवतो, हे खरे. म्हणूनच जुना कोबा आधी काढून घ्यावा आणि इमारत जुनी असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवल्याशिवाय हातोडा उचलू नये. किल्लारीचा धडा खेड्यांपुरता नाही.

गच्ची सगळ्यांची, ऊन मात्र एकाचे

सोसायटीतला खरा अडसर पैशांपेक्षा मनांचा असतो. उन्हाचा त्रास वरच्या मजल्याला. खर्चाचा विषय निघाला, की सभेत कुणीतरी म्हणणारच, "तुम्ही टॉप फ्लोअर स्वस्तात घेतलात ना?" वरच्या मजल्यावरचे कुटुंब गप्प बसते आणि उन्हाळा तसाच काढते. एखाद्याने परस्पर काम काढावे म्हटले, तर गच्ची सामाईक; सोसायटीच्या परवानगीशिवाय तिथे वीटही ठेवता येत नाही.

यातून एक समंजस वाट निघते. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून होणाऱ्या पावसाच्या गळतीची दुरुस्ती ही संस्थेची जबाबदारी आहे. म्हणजे काही वर्षांनी का होईना, गच्चीचे काम संस्थेला काढावेच लागते. नेमक्या त्याच वेळी रोधक तक्त्यांचा मुद्दा मांडावा. मजुरी, सिमेंट, फरशा यांचा खर्च तसाही होणारच असतो. तक्त्यांची किंमत तेवढी वाढते. ती वरच्या मजल्यावरच्यांनी उचलायची, की सगळ्यांनी मिळून, हे बसून ठरवता येते. सभेत हेही सांगावे, की पांघरुणाखालची स्लॅब उन्हात फुगत-आकसत नाही, भेगा कमी पडतात आणि पुढची गळती लांबते. हा फायदा तळमजल्यावरच्यांचाही आहे. इमारत सगळ्यांचीच असते.

तोवर काय? चुन्याला परवानगी मिळणे अवघड नसते. एका रविवारी दोन बादल्या चुना, चार कुंचे आणि गच्चीवर चढलेली पोरेटोरे. अशी कामे शेजार जोडतात.

पत्र्याखालचे घर

ज्यांच्या डोक्यावर स्लॅबही नाही, त्यांचे काय? पत्रा स्लॅबसारखा रात्रभर तापलेला राहत नाही. पण दुपारी त्याखाली उभे राहवत नाही. गावोगावी लोक त्यावर तुराट्या, पऱ्हाटी किंवा उसाचे पाचट पसरतात. युक्ती बरोबर आहे, पण एका ठिणगीने घात होतो. त्यापेक्षा पत्र्याला वरून पांढरा रंग देणे अधिक सुरक्षित. आतून चकचकीत फॉइलची शीट लावली, तर आणखी फरक पडतो. ती लावताना मात्र चकाकणारी बाजू खाली ठेवावी आणि पत्रा व शीट यांत निदान एक इंच मोकळी जागा सोडावी. शीट पत्र्याला चिकटवून टाकली, तर तिचा गुण बराचसा वाया जातो.

पत्रा सिमेंटचा जुना ॲस्बेस्टॉसचा असेल, तर त्याला घासू, कापू किंवा भोक पाडू नका. त्याची धूळ फुप्फुसांत गेली, तर कॅन्सरचा धोका असतो. आणि घरात उघडा थर्माकोल तर कधीच लावू नये. तो भराभर पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. आतून लावायचाच झाला, तर जिप्सम बोर्डाने किंवा प्लास्टरने पूर्ण झाकावा.

कोकणात आता अनेक घरांवर कौलांऐवजी रंगीत पत्रे आले आहेत. माकडांचा उच्छाद आणि दर वर्षीची कौले चाळण्याची मजुरी पाहता लोकांचेही चुकत नाही. पण कौलांच्या फटी गेल्या, की माळ्यावरची गरम हवा कोंडते. अशा वेळी दोन्ही बाजूंच्या तिकोनी भिंतींत वरच्या अंगाला जाळ्या ठेवाव्यात, म्हणजे माळ्यावर वारा वाहता राहील. माळ्याच्या फळ्यांवर ग्लासवूलच्या गाद्या टाकल्या, तर खालची खोली आणखी सुखद होते. हे काम करताना तोंडाला मास्क आणि हातात मोजे हवेत, कारण काचेचे तंतू टोचतात.

आणि पायाखालचे काय?

डोक्यावर पांघरूण घातले, मग पायाखालीही घालावे का? आपल्याकडच्या उष्ण भागात तळमजल्यावर त्याची गरज नाही. जमीन उन्हाळ्यात हवेपेक्षा थंड असते. जोत्यावरची फरशी तो गारवा घरात आणते. दुपारी फरशीवर अंग टाकणाऱ्या आजोबांना हे शास्त्र शिकवावे लागत नाही. तिथे काळजी घ्यायची ती ओलीची. जोते पुरेसे उंच असावे, भोवती पाणी साचू नये.

पहाडी मुलखात मात्र गणित उलटे आहे. हिमाचलातल्या जुन्या लाकूड-दगडी घरांत तळाला गोठा असतो. गुरांची ऊब वरच्या खोल्यांच्या जमिनीला मिळते. लडाखमध्ये हिवाळ्याचा चारा घराच्या छपरावर रचतात. तो गुरांनाही पुरतो आणि छताची गोधडीही होतो. सिमला, डेहराडून किंवा लेहला बदली होऊन गेलेल्या आपल्या मंडळींना थंडीत पायांतून कळ येते, ती उघड्या पार्किंगवरच्या किंवा पोकळीवरच्या गारठलेल्या जमिनीमुळे. अशा ठिकाणी जमिनीच्या खालच्या अंगाला रोधक तक्ते लावावेत आणि त्यांत फटी राहू देऊ नयेत. ते जमत नसेल, तर फळ्या आणि जाड सतरंजी यांचाही आधार होतो.

एवढे लक्षात ठेवा

पांघरूण घातलेले छत दोन्ही बाजूंनी अडवते. बाहेरची उष्णता आत येत नाही, तशी स्वयंपाकाची, दिव्यांची, माणसांची उष्णताही छतातून बाहेर जात नाही. म्हणून दिवसा ऊन चढले, की खिडक्या-पडदे बंद ठेवावेत आणि रात्री हवा थंड झाल्यावर समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. कूलर असेल, तर एक खिडकी किलकिली हवीच, नाहीतर घरात दमट कोंदटपणा येतो. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या दमट हवेत छताचा इलाज धग कमी करील, घाम थांबवणार नाही. तिथे पंख्याला पर्याय नाही.

फॉल्स सीलिंग म्हणजे इन्सुलेशन, असाही अनेकांचा समज असतो. मधल्या हवेमुळे थोडा फरक पडतो. पण सजावटीच्या सीलिंगच्या खर्चात गच्चीवरचा खरा इलाज होत असेल, तर पैसे गच्चीवर घालावेत.

एसी घेऊच नये, असे नाही. चंद्रपूरच्या पंचेचाळीस अंशांत एखाद्या रुग्णाला तो लागतोच. पण उघड्या छताखाली एसी लावणे म्हणजे तळ फुटलेल्या हंड्यात पाणी भरत राहणे. आधी हंड्याला डाग द्यावा, मग तो किती पाण्यात भरतो ते पाहावे. छत नीट झाल्यावर अनेक घरांना लहान एसी पुरतो, काहींना कूलरवर भागते, तर काहींच्या पंख्याचा वाराच पुन्हा वाऱ्यासारखा लागू लागतो.

हे सगळे गुढीपाडव्याच्या आधी करायचे असते. एकदा मे महिना उजाडला, की गच्चीवर पाय ठेववत नाही आणि मजूर मिळत नाहीत. मग घाईघाईने दुकानात जाऊन एसीचा हप्ता बांधून येतो आपण. पुढच्या उन्हाळ्यात आजींनी गॅलरीच्या दाराशी सतरंजी टाकायची, की आपल्या नेहमीच्या पलंगावर शांत झोपायचे, हे फाल्गुनातच ठरते. जिना चढून गच्चीवर जायचे आणि डोक्यावरच्या त्या भट्टीकडे एकदा नीट पाहायचे, एवढीच सुरुवात आहे.